अठ्ठावीस लाल, दोन पांढऱ्या

१

"चोरी झाली असती तरी चाललं असतं गं आत्या. हे त्याहून वाईट आहे!"

भाची एवढं म्हणाली आणि नाक पुसायला रुमाल शोधू लागली. रुमालही ती घरीच विसरली होती. आत्याने आपला दिला.

खरं तर आत्या आली होती ती फक्त चष्मा द्यायला. भाचीचा चष्मा सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिला होता आणि चष्म्याशिवाय ही पोरगी दिवसभर काय डोंबल बघणार, म्हणून दोन बस बदलून आत्या संशोधन संस्थेत पोचली. दारावरच्या वहीत सही केली, छातीला पाहुण्याची चिठ्ठी लावली, तीन मजले चढली, तर ही बया प्रयोगशाळेत स्टुलावर बसून ढसाढसा रडतेय.

"आधी गप्प बस. मग नीट सांग. मुंगे, अगं तीस वर्षांची घोडी झालीस तू!"

मुंगी हे भाचीचं घरातलं नाव. लहानपणी ती सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेऊन ठेवायची आणि कुठे ठेवलं ते विसरायची. आता ती मोठी संशोधक झाली होती, पण विसरण्यात काडीचा फरक पडला नव्हता.

मुंगीने टेबलाकडे बोट दाखवलं. तळहाताएवढ्या गोल, पारदर्शक प्लेटी ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीत घट्ट खळीसारखा थर आणि त्यावर मोहरीएवढे ठिपके.

"हे यीस्ट. पांढरं राहायला हवं होतं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस प्लेटी लाल झाल्या."

आत्याने वाकून पाहिलं. चौतीस वर्षं तिने कापडगिरणीच्या रंगखात्यात ताग्यांच्या छटा तपासल्या होत्या. "लाल कसला, विटकरी आहे. पण एकसारखा चढलाय हं," ती म्हणाली. "रंग वाईट आहे का?"

"आत्या, अगं रंगावरच सगळं आहे!" मुंगी हुंदके देत समजावू लागली. "प्रथिनं म्हणजे पेशीतले कामगार. त्यांची घडी नीट बसली तरच ते काम करतात. प्रायॉन म्हणजे चुकीच्या घडीचं प्रथिन. ते शेजारच्या चांगल्या प्रथिनाचीही घडी बिघडवतं, आणि मग त्यांच्या गुठळ्या होतात. माणसाच्या मेंदूत असं झालं तर माणूस वाचत नाही. यीस्टमध्ये झालं तर यीस्ट फक्त पांढरं दिसतं. प्रायॉन गेला की लाल."

"बरं. मग तू त्यात काय दिवे लावलेस?"

"यीस्टमध्ये एक कात्री असते. म्हणजे, तीही एक प्रथिनच. ती गुठळ्यांचे तुकडे करते, म्हणून ते पुढच्या पिढीला वाटले जातात. ती कात्री बनवायचा हुकूम आरएनएच्या चिठ्ठीवर असतो. मला एक बारीकसा आरएनए सापडला. तो त्या चिठ्ठीला चिकटतो आणि हुकूमच दाबून टाकतो. कात्री नाही, वाटप नाही, प्रायॉन संपला! माझा आरएनए घातलेलं यीस्ट लाल होतं, न घातलेलं पांढरं राहतं. असं मी लेखात लिहिलं. तो छापूनही आला. उद्या हेच माणसाच्या मेंदूत जमवता आलं तर, आत्या..." तिने रुमालाने पुन्हा नाक पुसलं. "आणि आता न घातलेलंही लाल व्हायला लागलंय. काहीही न करता!"

"म्हणजे तुझ्या आरएनएने काही केलंच नाही, असं दिसतं."

"तसंच दिसतं! आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, आज चार वाजता मासिकाला पत्र पाठवणार. लेख चुकीचा होता, मागे घेतो म्हणून. त्यानंतर मला कुठल्याही प्रयोगशाळेत उभं करणार नाहीत." मुंगीने रुमालाचा बोळा केला. "पण हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी केलंय. आणि कुणी, ते मला माहीत आहे."

२

मुंगीच्या मते गुन्हेगार शेजारच्याच टेबलावर बसत होता. त्याला सगळे 'हातमोजे' म्हणत. माणसाच्या घामातली द्रव्यं आरएनए खाऊन टाकतात, म्हणून हा गडी दर पाच मिनिटांनी हातमोजे बदलायचा. संस्थेत एकच कायमची जागा निघाली होती आणि तिच्यासाठी दोघंच उरले होते, हा आणि मुंगी.

आत्याने स्टूल ओढलं आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन बसली.

"तुम्ही माझ्या भाचीच्या प्लेटी बिघडवल्या का हो?"

हातमोजे हबकलाच. मग त्याला हसू आलं. "आत्या, यीस्ट नुसतं उडालं तरी मी कोट बदलतो. मी तिच्या प्लेटींना हात लावीन?"

"जागा एकच आहे म्हणे."

"आहे ना. आणि मला ती हवीच आहे. पण भांडून मिळवीन, असली लबाडी करून नाही." त्याने उजवा हातमोजा काढून नवा चढवला. "उलट तुमच्या भाचीलाच विचारा. हा बघा माझा डबा. आरएनए बाहेर काढायला यातली पावडर लागते. गेल्या महिन्यात नवा फोडला, आणि तीन आठवड्यांत अर्धा रिकामा! मी चार चमचेसुद्धा वापरली नसेल. शेजारी दुसरं कोण बसतं, सांगा?"

"मुंगी दुसऱ्याची टाचणी घेणार नाही. घेतलीच तर परत द्यायची विसरेल, ते वेगळं."

"आणि झाकण? रोज सकाळी इतकं आवळलेलं असतं की पकड लावून उघडावं लागतं मला."

आत्याने झाकण फिरवून पाहिलं. मनगटाला कळ लागली. मुंगीला तर घरी पाण्याची बाटलीही धड बंद करता येत नसे. तिची पिशवी कायम ओली.

म्हणजे डबा तिसऱ्याच कुणीतरी उघडला होता. आत्याच्या मनात पाल चुकचुकली.

३

मोठ्या बाई वऱ्हांड्यातच भेटल्या. तिशीपासून साठीपर्यंत याच इमारतीत राबलेली बाई. बोलणं तुटक, पण नजर वाईट नव्हती.

"मुलगी हुशार आहे, मला मान्य आहे. पण तीन आठवडे झाले, आत्या. फ्रीजरमधलं यीस्टचं बी तेच, हात तोच, कृती तीच. जे एकदा दिसलं ते पुन्हा दिसत नसेल तर लेख खरा कसा म्हणू? जग आमच्या भरवशावर पुढचे प्रयोग करतं."

"तुमचं बरोबर आहे. मला चार वाजेपर्यंत इथे बसू द्याल?"

"कशाला?"

"आमच्या गिरणीत ताग्याला डाग पडला की आधी रंगाऱ्याला शिव्या बसायच्या. मी मात्र आधी सगळीकडे फिरून यायची."

मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. साडेबारा झाले होते.

आत्या फिरू लागली. यीस्ट वाढवायचं उबदार कपाट पाहिलं, फ्रीजर पाहिला, मुंगीची वही पाहिली. वहीत चहाचे डाग होते, पण नोंदी मात्र चोख. शेवटी टेबलाखालचं टाकाऊ प्लेटींचं खोकं तिने पायाने पुढे ओढलं आणि खाली बसली. सगळ्यात वर दोन प्लेटी होत्या. त्यांतले ठिपके दुधासारखे पांढरे होते.

"मुंगे! या काय आहेत?"

"त्या? त्या धरायच्या नाहीत." मुंगीने लक्षच दिलं नाही. "मंगळवारी यीस्टचं अन्न, म्हणजे हा खळीसारखा थर, संपलं, म्हणून हातमोज्याची एक बाटली उसनी घेतली होती. दुसऱ्याच्या बाटलीतलं मोजणीत धरणं नियमात बसत नाही, म्हणून टाकून दिल्या."

"बी कुठलं?"

"त्याच नळीतलं. त्याच सकाळी, माझ्याच हाताने."

"मग अगं बाई, पांढऱ्या का राहिल्या?"

मुंगीने आ वासला. नियम पाळण्याच्या नादात पोरीने पुराव्यालाच कचऱ्यात टाकलं होतं!

"बी तेच, हात तोच," आत्या एकेक बोट दुमडत म्हणाली. "मग आमच्याकडे पुढचा प्रश्न असायचा, भांडं कुठलं? तुझं अन्न कशात शिजतं?"

"बाटल्यांत. प्रत्येकाच्या वेगळ्या. त्या फळीवर."

आत्या फळीपाशी गेली. हातमोज्याच्या बाटल्या, मोठ्या बाईंच्या, मुंगीच्या. सगळ्या एकाच घाटाच्या, एकाच काचेच्या. पण मुंगीच्या प्रत्येक बाटलीच्या झाकणावर कुणीतरी निळ्या रंगाचा बारीक ठिपका दिला होता. बाकी कुणाच्याच नाही.

"हे ठिपके तू दिलेस?"

मुंगीने आता कुठे चष्मा लावला आणि जवळ येऊन पाहिलं.

"ठिपके? हे कधी आले?"

४

बाटल्या धुण्याची खोली तळमजल्यावर होती. तिथे काचकाका बसत. पंचवीस वर्षं ते इथली काच धूत होते. बाटलीवर नुसती टिचकी मारून तडा ओळखणारा माणूस. वाफेच्या मोठ्या भांड्याचं झाकण ते एका हाताने आवळत, आणि आत्याने ते पाहून घेतलं.

भिंतीवर एक मोठा तक्ता लावला होता. अक्षर मुंगीचं, चित्रं मुंगीची. तीन आठवड्यांपूर्वी संस्थेतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर तिने भाषण दिलं होतं, त्या वेळचा तो तक्ता. वर मेंदूचं भोकाभोकांचं भयानक चित्र. खाली लाल शाईत 'प्रायॉन उकळूनही मरत नाही!' आणि त्याखाली, कशाने मरतो त्या रसायनांची नावं.

"फार छान बोलली त्या दिवशी पोरगी," काचकाका म्हणाले. "आम्ही सगळे गारठून गेलो ऐकून."

आत्याने बाह्या वर केल्या आणि मुंगीचा चष्मा टेबलावर ठेवला. हो, मुंगी तो फळीपाशी पुन्हा विसरली होती आणि आत्याने येताना उचलून आणला होता. टेबल ओलं होतं. चष्मा बाजूला ठेवायला काका पुढे आले, थबकले, खिशातून हातमोजे काढून घातले. त्यावर आणखी एक जोडी चढवली. मग दोन बोटांनी चष्मा उचलून कोरड्या फडक्यावर ठेवला.

"तिचाच ना? आजही विसरली?"

"तर! चष्मा विसरली, रुमाल विसरली. पोळी भाजत ठेवून विसरते ही."

काकांचा चेहरा उतरला. "हल्ली वाढलंय का हो ताई विसरणं? झोप लागते ना तिला? चालताना तोल वगैरे जात नाही ना?"

"परवाच जिन्यात धडपडली," आत्या म्हणाली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

काका खोक्यावर मटकन बसले. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं होतं. आत्याला आधी नवल वाटलं, आणि मग सगळे धागे एकदम जुळून आले. कोपऱ्यात झाकण घातलेला एक टब होता. झाकणावर निळा ठिपका होता. शेजारी मुंगीच्या चार बाटल्या पालथ्या निथळत होत्या.

आत्याने टबाच्या झाकणाकडे हात नेला.

"ताई!" काका ओरडले. "तुमच्या पाया पडतो, त्याला हात लावू नका!"

५

साडेतीन वाजता मोठ्या बाईंच्या खोलीत चौघं जमली. टेबलावर पत्र तयार होतं, फक्त सही बाकी होती. मुंगी त्या कागदाकडे बघायचं टाळत होती.

"आधी मला सांगा," आत्याने हातमोज्याला विचारलं, "तुमच्या अर्ध्या डब्यात होतं काय?"

"ग्वानिडीन."

मुंगी स्प्रिंग दाबून सोडावी तशी उठली. "ग्वानिडीन! अरे देवा! ते यीस्टची कात्री बोथट करतं! चिमूटभर अन्नात गेलं तरी चार दिवसांत प्रायॉन साफ, सगळं लाल! माझ्या टेबलावर ते कधी नसतंच, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही." ती हातमोज्यावर धावली. "तूच घातलंस! तुझ्याच डब्यातलं!"

हातमोजे पांढराफटक पडला.

"खाली बस, मुंगे," आत्या म्हणाली. "याला तुझं वाईट करायचं असतं तर डबा चोरीला गेल्याची बोंब याने स्वतःच मारली असती का? शिवाय झाकण आवळणारं मनगट याचं नाही. यालाच ते पकड लावून उघडावं लागतं. आता असं बघ. बी तेच, हात तोच, फरक बाटलीचा. तुझ्याच बाटल्यांवर निळे ठिपके. वैऱ्याला खुणा करायची काय गरज? वैरी खुणा लपवतो. खूण तोच करतो ज्याला तुझ्या बाटल्या दुसऱ्यांच्यात मिसळायच्या नसतात. म्हणजे सांभाळणारा माणूस. आणि हे सगळं सुरू कधी झालं? तीन आठवड्यांपूर्वी. त्याच आठवड्यात तू खाली भाषण दिलंस."

आत्याने दार उघडलं. बाहेर काचकाका टोपी हातात धरून उभे होते.

"सांगा काका. घाबरू नका."

काका आत आले, पण मुंगीपासून चार हात लांबच थांबले. "पोरी, तू म्हणालीस, प्रायॉन उकळून मरत नाही. मी तर पंचवीस वर्षं बाटल्या उकळतच आलोय. तुझ्या बाटल्यांत तोच असतो, आणि तू पेन चावतेस, बाटलीशेजारी बसून चहा पितेस. माझी झोप उडाली. तक्त्यावर औषधांची नावं होती. ब्लीचने मला खोकला येतो. दुसऱ्या नावाला अक्षराला अक्षर लावून हा डबा शोधला. विचारलं असतं तर नको म्हणाला असतात, म्हणून गुपचूप घेतलं. टबात भरपूर घट्ट कालवलं. तुझ्या बाटल्या रोज रात्रभर त्यात बुडवल्या."

"आणि मग पाण्याने धुतल्या?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"छे! धुतल्या तर औषध निघून जाईल ना. तशाच वाळवल्या."

मोठ्या बाईंनी मुंगीची एक कोरडी बाटली मागवली आणि उजेडात तिरकी धरली. तळाशी पांढरी, मिठासारखी साय दिसत होती.

"त्यावरच अन्न शिजत होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चिमूटभर नाही, चांगलं चमचाभर. दोन पांढऱ्या प्लेटी मात्र दुसऱ्या बाटलीतल्या."

काका मान खाली घालून उभे होते. "माझी नोकरी गेली तरी चालेल. पण हिला तपासून घ्या. ही फार विसरायला लागलीय. ताईंनाही विचारा, जिन्यात पडली. लागण झालीय पोरीला."

मुंगी रडत होती की हसत होती, सांगणं कठीण होतं. "काका! अहो, यीस्टचा प्रायॉन माणसाला होत नाही! त्याचं प्रथिनच वेगळं. ते खाल्लं तरी काही होत नाही. तो मेंदूतला आजार निराळा. इथे तो ठेवलेलाही नाही."

"आणि विसरतेय ती जन्मापासून," आत्याने भर घातली. "बारशाला स्वतःचं नाव सोडून बाकी सगळं विसरली असेल."

काकांनी मुंगीकडे बघितलं. मग अगदी साधेपणाने विचारलं, "मग त्या दिवशी हे सांगितलं का नाहीस, पोरी?"

मेंदूची चित्रं दाखवण्यात मुंगी इतकी रंगली होती की एवढं एक वाक्य विसरली होती. चष्म्यासारखंच. तिने खाली बघितलं आणि म्हणाली, "चुकलं काका. तुमचं नाही, माझं चुकलं."

६

पत्र मोठ्या बाईंनी स्वतः फाडलं, तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती.

"पंधरा दिवस देते. नव्या बाटल्या, सगळं पुन्हा," त्या म्हणाल्या. "काका, नोकरीचं काय बोलता? यापुढे इथली भाषणं आधी तुमच्यासमोर होतील. तुम्हाला कळली तरच पुढे." मग त्या हातमोज्याकडे वळल्या. "तुमचा डबा संस्था भरून देईल."

मुंगी हातमोज्यापाशी जाऊन माफी मागू लागली, तर तो लाजून नवे हातमोजे घालू लागला. "राहू दे गं. मीही तुला चोर म्हणालोच होतो. जागेसाठी मात्र भांडणार हं!"

त्या संध्याकाळी मुंगीने तक्त्याखाली जाड अक्षरांत ते राहिलेलं वाक्य लिहिलं. आणि टब काकांनी आणि तिने मिळून रिकामा केला.

सोळाव्या दिवशी सकाळी आत्याचा फोन वाजला. मुंगी एवढ्या जोरात ओरडत होती की फोन कानापासून लांब धरावा लागला. आरएनए घातलेल्या प्लेटी लाल, न घातलेल्या पांढऱ्याशुभ्र. तीसच्या तीस. लेख खरा होता, तिचा छोटासा आरएनए खरा होता. आत्याला खुर्चीत बसून चांगलं पाच मिनिटं रडू आलं. मग डोळे पुसून ती उठली, आणि तिचं लक्ष स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेलं.

"कर्म माझं!" आत्या म्हणाली आणि पायांत चपला सरकवल्या.

दोन बस बदलून ती संस्थेच्या दारात पोचली, तेव्हा काचकाका पायरीवरच उभे होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, चेहऱ्यावरून दिसतच होतं. आत्याच्या हातातला चष्मा बघून ते हसायलाच लागले.

"द्या ताई. तीन मजले कशाला चढताय? मी नेऊन देतो."

आत्याने चष्मा पुढे केला. काकांनी तो उघड्या हाताने घेतला, तोंडाजवळ नेऊन काचेवर फुंकर मारली, सदऱ्याच्या टोकाने नीट पुसला आणि जिना चढू लागले.